बाबांची तक्रार बाबांनाच करू द्या

तुम्ही लिहिलंय की काचबिंदूमुळे तुमच्या वडिलांची नजर दोन वर्षांत जवळजवळ गेली. सुदामा नगरातल्या प्रत्येक कामासाठी पार्षदाकडे, म्हणजे नगरसेवकाकडे, पहिले जाऊन उभे राहणारे बाबा आता खोलीबाहेर पडत नाहीत. त्यांच्यासाठी कोणतं ॲप किंवा यंत्र घ्यावं, असं तुम्ही विचारलंत.

मी इंदूरचीच, राजेंद्र नगरात वाढलेली. मला रेटिनायटिस पिग्मेंटोसा हा डोळ्यांच्या पडद्याचा आजार आहे. आधी रात्रीचं दिसेना, मग नळीतून पाहिल्यासारखं मधलंच तेवढं दिसायचं, आणि गेली चौदा वर्षं उजेड कुठून येतोय एवढंच कळतं. तुमच्या प्रश्नातल्या एका वाक्यावर मी अडकले: "सध्या त्यांची सगळी कामं मीच करतो." हे तुम्ही मायेनं करता, यात शंका नाही. माझा दादाही करायचा. एकदा एका कार्यालयात मी खिडकीशी उभी होते. आतल्या माणसानं दादाला विचारलं, "इनका नाम क्या है?" दादानं सांगितलं. "काम क्या है इनका?" तेही दादानंच सांगितलं. घरी येईपर्यंत मी बोलले नाही. त्या माणसाचा राग आला नव्हता. माझं नाव मी सांगितलं नाही, याचा आला होता.

म्हणून आधी यंत्र नको, आधी काम ठरवा. बाबांना अजूनही कशाची चीड येते? तुंबलेली नाली, बंद दिवा, कचरा गाडीची चुकलेली वेळ, काहीतरी असेलच. त्याची तक्रार त्यांनी स्वतःच्या नावानं, स्वतःच्या आवाजात करायची. सगळ्यात सोपी वाट म्हणजे मध्य प्रदेश सरकारच्या सीएम हेल्पलाइनचा 181 नंबर. तिथे फॉर्म नाही, कॅप्चा नाही, फक्त बोलायचं असतं. तक्रारीचा नंबर मिळतो, आणि खालच्या पातळीवर काम झालं नाही तर ती एलवन, एलटू अशा अधिकाऱ्यांच्या पायऱ्यांनी वर वर सरकत एलफोरपर्यंत जाते. तो नंबर बाबांना पाठ करू द्या. तुम्ही कागदावर लिहून ठेवलात की तो पुन्हा तुमचा होतो.

ही पहिली तक्रार झाली की फोन शिकायला कारण मिळतं. कारण नसताना या वयात टॉकबॅक कुणी शिकत नाही, हे मी अनेक घरांत पाहिलंय. टॉकबॅक म्हणजे स्क्रीनवरचं बोलून सांगणारी सोय; ती अँड्रॉइड फोनमध्ये आधीपासून असते, विकत घ्यावी लागत नाही. बोट उजवीकडे सरकवलं की पुढची गोष्ट बोलते, हवी ती आली की स्क्रीनवर कुठेही दोनदा टिचकी मारायची, यादी सरकवायला दोन बोटं. पहिला आठवडा एवढंच. आवाजाचा वेग अगदी कमी ठेवा आणि भाषा मराठी करा. मराठी आवाज हिंदी मजकूरही वाचतो, थोड्या मराठी वळणानं, पण समजतं. टायपिंग नंतर, सुरुवातीला कीबोर्डवरच्या माइकनं बोलून लिहू द्या. आणि एक गोष्ट कळवळून सांगते: ते चुकले तर फोन त्यांच्या हातातून घेऊ नका. "थांबा, मी करून देतो" हे शब्द माझ्या घरात दादानं बंद केले, त्यानंतर तीन आठवड्यांत मी फोन वापरायला लागले. आधीचं वर्षभर नुसतं शिकत होते.

नोटा ओळखायला रिझर्व्ह बँकेचं मनी नावाचं ॲप आहे, जानेवारी 2020 पासून. इंटरनेट नसलं तरी चालतं, नोट कॅमेऱ्यासमोर धरली की किती रुपयांची ते सांगतं. भाजीवाल्याशी स्वतः हिशेब करता आला की माणूस सकाळी पुन्हा पिशवी घेऊन निघतो. कॉम्प्युटर असेल तर एनव्हीडीए घाला. हा स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम, फुकट आहे. ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी तो 2006 मध्ये सुरू केला, कारण विकतचे स्क्रीन रीडर बहुतेकांना परवडत नव्हते.

आता एक अडचण आत्ताच सांगते, नाहीतर बाबांना वाटेल आपल्यालाच जमत नाही. माझ्या एका अर्जाला पीडीएफमधून उत्तर आलं. कॉम्प्युटर वाचायला लागला, "ई आर एन के आर के." मी पुन्हा पुन्हा ऐकलं, सेटिंग बदलून पाहिली, शेवटी भाचीला विचारलं. स्क्रीनवर स्वच्छ "मतदाता" लिहिलेलं होतं. पत्र कृतिदेव फॉन्टमध्ये टाइप केलेलं होतं. त्या फॉन्टमध्ये अक्षरं दिसायला देवनागरी असतात, आत मात्र इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात: म च्या जागी ई, त च्या जागी आर. डोळे फसतात, स्क्रीन रीडर फसत नाही, तो आत जे आहे तेच वाचतो. असं पत्र आलं तर लगेच लिहून कळवायचं की युनिकोडमध्ये, म्हणजे खरी देवनागरी अक्षरं साठवणाऱ्या पद्धतीत, पाठवा. मेहरबानी म्हणून मागायचं नाही. दिव्यांगजन अधिकार अधिनियम 2016 चं कलम 42 सरकारवर ही जबाबदारी टाकतं की माहिती आमच्यापर्यंत वाचता येईल अशा रूपात पोचावी. मी तसं लिहिलं, दुसऱ्यांदा पत्र नीट आलं. 30 एप्रिल 2025 ला तर सर्वोच्च न्यायालयानं डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला. त्या खटल्यात ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या स्त्रिया होत्या, ज्यांना केवायसीसाठी, म्हणजे बँकेत ओळख पटवण्यासाठी, पापण्या मिटून दाखवता येत नव्हत्या, आणि एक अंध वकीलही होते. बँकेनं बाबांना कॅमेऱ्यात डोळे मिचकवायला सांगितलं तर हा निकाल लक्षात ठेवा.

माझी स्वतःची पहिली मोठी तक्रार पिवळ्या फरश्यांची होती. फुटपाथवर उभ्या रेघांच्या ज्या फरश्या असतात त्या "चालत राहा" सांगतात, गोल उंचवट्यांच्या "थांब, पुढे काहीतरी आहे" सांगतात. ही कल्पना जपानच्या सेइइची मियाके यांची, 1967 मध्ये ओकायामा शहरात पहिल्यांदा बसवली. माझ्या वाटेवर रेघांच्या फरश्या सरळ विजेच्या खांबाला जाऊन भिडत होत्या. ज्यांनी बसवल्या त्यांना त्या शोभेच्या वाटल्या असाव्यात. मी मंगळवारी कलेक्टोरेटच्या जनसुनवाईत गेले, तिथे अधिकारी लोकांच्या तक्रारी समोर ऐकतात. दादाला दाराशीच थांबायला सांगितलं. अर्ज हातात, आणि बोलायची तीन वाक्यं घोकलेली. खांब हलला नाही. पण चार महिन्यांनी खांबाच्या अलीकडे गोल उंचवट्यांच्या फरश्या आल्या आणि रेघा बाजूनं वळवल्या. रोज तिथून जाताना काठीच्या टोकाला तो खडबडीतपणा लागतो.

मतदानाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण बाबांसारख्या माणसाला हेच सगळ्यात जास्त लागलं असणार. नियम असा की अंध मतदार 18 वर्षांवरचा सोबती आत नेऊ शकतो, आणि त्या सोबत्याला गुप्तता पाळण्याचं लिहून द्यावं लागतं. "नेऊ शकतो" हे मतदारानं ठरवायचं. 17 नोव्हेंबर 2023 च्या विधानसभा मतदानाला माझ्या केंद्रावरचे कर्मचारी सरळ भाचीलाच म्हणाले, "आप बटन दबा दीजिए." मी ब्रेलची नमुना मतपत्रिका मागितली. थोडी शोधाशोध झाली, मिळाली. यंत्रावर प्रत्येक बटणाशेजारी ब्रेलमध्ये आकडा असतो, एका यंत्रावर सोळा. मी आकडा चाचपला, बटण दाबलं, लांब बीप ऐकली. माझं मत कुणाला, हे फक्त मला माहीत होतं. किती वर्षांनी!

बाबांना पूर्ण ब्रेल शिकायची गरज नाही. आकडे फक्त दहाच चिन्हांचे असतात, बोटांना आठवड्याभरात येतात. घरी उमेदवारांची यादी वाचून दाखवा, हवा त्याचा क्रमांक ते लक्षात ठेवतील. एक उणीव मात्र अजून आहे: व्हीव्हीपॅटची, म्हणजे मत कुणाला पडलं ते दाखवणाऱ्या यंत्राची, चिठ्ठी सात सेकंद काचेआड दिसते, आणि तिला आवाज नाही. मत बरोबर पडलं का हे आम्ही तपासू शकत नाही. ही मागणी मी दरवेळी लिहून देते, बाबांनाही सांगा. 40 टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असेल तर घरून मत देण्याची सोय बारा-डी फॉर्मनं मिळते. ज्यांना उठवत नाही त्यांच्यासाठी ती मोलाची आहे. पण बाबांचे पाय ठणठणीत आहेत. त्यांना केंद्रावर जाऊ द्या. रांगेत जुने ओळखीचे भेटतील.

घरच्यांनी बोलूच नये, असं माझं म्हणणं नाही. आपल्याच मध्य प्रदेशात न्यायाधीशांच्या भरतीत अंधांना बंदी घालणारा नियम होता. एका अंध मुलाच्या आईनं सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं, त्या पत्रावरूनच खटला उभा राहिला, आणि 3 मार्च 2025 ला सर्वोच्च न्यायालयानं तो नियम रद्द केला. त्या आईनं दार उघडायला लावलं. परीक्षा तिला द्यायची नव्हती, मुलानंच द्यायची होती.

कागदपत्रांचं थोडक्यात: यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, लवकर काढा, त्यासाठी डॉक्टरांच्या बोर्डाची तपासणी होते. मतदार यादीत दिव्यांग म्हणून नोंद आठ नंबरच्या फॉर्मनं होते. आणि डोळ्यांत घालायचे थेंब बंद करू नका. काचबिंदूनं गेलेली नजर परत येत नाही, पण उरलेली सांभाळता येते.

शेवटी पांढऱ्या काठीबद्दल. बाबा "लोक बघतील" म्हणून ती घेत नाहीत, असं तुम्ही लिहिलंय. मी दोन वर्षं माझी घडीची काठी पर्समधून बाहेरच काढली नव्हती. मग ती पहिल्यांदा उघडली ती घरापासून लांब, जिथे कुणी ओळखीचं नव्हतं तिथे. तुम्हीही त्यांना सकाळी लवकर एखाद्या बागेत न्या. काठीची उंची जमिनीपासून छातीच्या मधल्या हाडापर्यंत असावी. दुकानात मोजून घेताना दुकानदार तुमच्याशी बोलायला लागेल. तेव्हा तुम्ही दोन पावलं मागे सरका.