चॉकची पिशवी रिकामी, हात मात्र ओलेच

प्रश्न : मी २१ वर्षांची आहे. दीड वर्षापासून क्लायंबिंग करते. पहिला अर्धा तास बरा जातो, मग तळहातांना इतका घाम सुटतो की पकडच राहत नाही. सारखं चॉक, म्हणजे हात कोरडे ठेवायची पांढरी पूड, लावते, पण त्याचा हातावर पांढरा चिखल होतो. शाळेत असतानाही घामाने पेपर ओला व्हायचा. सरावाआधी पाणी कमी प्यायले तर फरक पडेल का? यावर कायमचा उपाय आहे का?

उत्तर : आधी पाण्याचं सांगते. पाणी कमी पिऊ नका, कृपा करून. हात कोरडे होणार नाहीत, उलट शरीर तापेल, नाडी वाढेल आणि भिंतीवर चक्कर यायची वेळ येईल.

तुमच्या पत्रातला शाळेच्या पेपरचा उल्लेख मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला. आपल्या अंगावर २० ते ४० लाख घर्मग्रंथी असतात आणि त्या सर्वांत दाट असतात तळहात-तळपायांवर. पाठीला, कपाळाला घाम येतो तो मुख्यतः उष्म्याने. तळहाताचा घाम मात्र मनावरच्या ताणाला फार लवकर प्रतिसाद देतो. भिंतीवर तुमच्याकडे दोन्ही असतं, श्रमाची उष्णता आणि पडण्याची धास्ती. मी शिकवताना हे नेहमी बघते : दोर वरून बांधलेला असताना ज्याचे हात कोरडे असतात, त्याच मुलाला त्याच मार्गावर लीड करायला, म्हणजे दोर खालून सोबत नेत वाटेतल्या क्लिपांमध्ये अडकवत चढायला सांगितलं की पहिल्या क्लिपच्या आधीच तळवे चमकायला लागतात. हवा तीच, भिंत तीच.

म्हणून सुरुवात पकडीपासून करा. पुढच्या वेळी सोप्या मार्गावर असताना स्वतःच्या नखांकडे बघा. नखं पांढरीफटक पडली असतील, तर गरजेपेक्षा कितीतरी जास्त जोर लावून धरलंय. पडणार नाही इतपत पकड सैल करत न्या. जिथे पाय नीट टेकलेत तिथे एकेक हात खाली सोडून हलवा, श्वास सावकाश बाहेर सोडा, मगच पुढची चाल. लांब मार्गावर अशा विसाव्याच्या जागा चढण्याआधी खालूनच हेरून ठेवायच्या.

आता चॉक. हे मॅग्नेशियम कार्बोनेट, जिम्नॅस्टिक्समधून क्लायंबिंगमध्ये आलं ते १९५०च्या दशकात, जॉन गिल या अमेरिकन क्लायंबरमुळे. त्याचं काम ओल शोषून घेणं. ते भरलं की भरलं, त्यावर आणखी थापलं की तुम्ही म्हणता तो चिखल होतो. सरावाआधी साबणाने हात धुवा, म्हणजे क्रीम आणि तेलकटपणा जाईल. बोटांच्या बेचक्यांसकट पुसा. मग लिक्विड चॉकचा पातळ हात फिरवा आणि त्यातलं अल्कोहोल पूर्ण उडेपर्यंत बोटं पसरून थांबा. घाई केली की उपयोग नाही. बोटांवर चीर असेल तर ते सणसणीत झोंबतं, तेव्हा त्या दिवशी साधी पावडरच बरी. वर साधं चॉक अगदी थोडं, आणि जास्तीचं झटकून टाका. पुन्हा लावायच्या आधी जुना थर कोरड्या फडक्याने टिपून घ्या, कंबरेला एक छोटं फडकं अडकवलेलं असू द्या. आणि हात खडखडीत कोरडे करण्याच्या मागे लागू नका. अगदी शुष्क, काचेसारखी झालेली त्वचाही निसटते. किंचित मऊ त्वचा उत्तम धरते. रात्री हातांना मलम लावायचं ते याचसाठी.

एवढं करूनही फरक पडला नाही, तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. लहानपणापासून, दोन्ही हातांना, जागेपणी घाम आणि झोपेत हात कोरडे, असं असेल तर तो बहुधा अतिघामाचा त्रास असतो आणि त्यावर उपचार आहेत. साधारण पहिला उपाय ॲल्युमिनियम क्लोराइडचं द्रावण. ते रात्री झोपताना, पूर्ण कोरड्या हातांना लावायचं आणि सकाळी धुऊन टाकायचं. ओल्या हातांना लावलं तर आग होते. पुढचा टप्पा आयन्टोफोरेसिस : हात पाण्यात ठेवून त्यातून सौम्य वीजप्रवाह सोडतात. आठवड्यातून काही वेळा करावं लागतं, चिकाटी हवी. पेसमेकर असलेल्यांना आणि गरोदर स्त्रियांना ते चालत नाही.

बोट्युलिनमच्या (बोटॉक्सच्या) इंजेक्शनांनी काही महिने हात कोरडे राहतात, पण पकड काही काळ कमजोर होऊ शकते. क्लायंबरने हे डॉक्टरांशी आधी बोलायलाच हवं. घाम कमी करणाऱ्या गोळ्या सगळ्या अंगाचा घाम रोखतात. उन्हात तासन्‌तास श्रम करणाऱ्याला त्यात उष्माघाताचा धोका आहे, म्हणून मला त्या तुमच्यासाठी अजिबात पसंत नाहीत. मज्जातंतूची शस्त्रक्रिया हाच काय तो कायमचा म्हणावा असा उपाय, पण नंतर पाठीला-पोटाला प्रचंड घाम येऊ लागल्याची तक्रार बरेच जण करतात. २१व्या वर्षी, बाकीचं काही करून न पाहता, तिकडे वळू नका.

घाम अचानक सुरू झाला असेल, एकाच बाजूला येत असेल, रात्री झोपेत कपडे भिजत असतील किंवा वजन उतरत असेल, तर मात्र चॉकचा विचार बाजूला ठेवून आधी डॉक्टर.

प्रश्न : चार-पाच तास सायकल चालवतो. ग्लोव्ह्ज आतून भिजतात, हँडल निसटतं, तळव्याला फोड येतात. ग्लोव्ह्जमध्ये पावडर टाकू का?

उत्तर : नको. तासाभरात तिचा लगदा होईल आणि फोड वाढतील. तुमच्या बाबतीत बरंचसं पाणी तळहाताचं नसून दंडावरून, कोपरावरून ओघळून ग्लोव्हमध्ये उतरणारं असावं. मनगटाच्या जरा वर टेरीचा, म्हणजे टॉवेलसारख्या कापडाचा पट्टा बांधून बघा. तो जड झाला की पिळा किंवा बदला. ग्लोव्ह्जची दुसरी जोडी जवळ ठेवून निम्म्या वाटेत बदला, आणि ओली जोडी उलटी करून पिशवीच्या बाहेर बांधा. आत कोंबली तर ती संध्याकाळपर्यंत ओलीच राहील. जाड जेलचे ग्लोव्ह्ज जास्त कोंडतात, पातळ आणि पाठीला जाळी असलेले घ्या. सनस्क्रीन लावल्यावर तळवे धुवायला विसरू नका, निसटण्याचं तेही एक नेहमीचं कारण.