अमर बाईला साध्या संसाराची ओढ का लागावी?

तुम्ही विचारलंय, जिला मरण नाही, अंगात अचाट शक्ती आहे, तिला चारचौघींसारखा संसार का हवासा वाटेल? मला उर्वशी आठवते. ऋग्वेदाच्या १०व्या मंडलातलं ९५वं सूक्त म्हणजे तिचा आणि तिच्या मर्त्य नवऱ्याचा, पुरूरवा राजाचा, १८ ऋचांचा संवाद. त्याला सोडून गेलेली ती परत यायला तयार नाही, पण सांगते: माणसांत चार शरद राहिले, दिवसातून एकदा तुपाचा थेंब खायचे, त्यावरच अजून तृप्त आहे. अप्सरेच्या आठवणीत राहिलं ते तूप! ही ऋचा वाचताना दर वेळी माझा गळा दाटून येतो.

अमर बाईचं खरं दुःख मला वाटतं ते हे, की नवरा पिकत जातो, लेकरं पिकतात आणि ही तशीच राहते. तिला कुणासोबत थकता येत नाही.

इथे इंदूरला आमची आजी रोज सकाळी आजोबांच्या पोह्यांवर जिरावन मसाला भुरभुरते. शेव मात्र आधी बोटांनी चुरते, कारण त्यांना आता चावत नाही. चुरताना तिच्या सैल झालेल्या बांगड्या खाली घसरतात आणि आजोबा त्या हळूच वर सारतात.