रान, राई आणि ‘प्राचीन जंगल’

इचलकरंजीच्या एका शिक्षिकेनं विचारलं आहे: “इंग्लंडमधल्या एका खेड्यालगत शेकडो वर्षं टिकून राहिलेल्या झाडीवरचा लेख सातवीच्या मुलांसाठी मराठीत करते आहे. तिकडे अशा झाडीला ‘एन्शंट वुडलंड’ म्हणतात. मी ‘प्राचीन जंगल’ लिहिलं, तर वाचताना वाघ-हत्ती डोळ्यापुढं येतात. ‘जुनं रान’ लिहावं, तर वर्गातली निम्मी पोरं ऊस समजतील. ‘देवराई’ म्हटलं तर चालेल का?”

ताई, उसाची भीती अगदी खरी आहे. करवीर-कागलकडच्या कुठल्याही गावात भर दुपारी दारात उभं राहून “आबा हाईत काय?” असं विचारा. “रानात गेल्यात की,” असं उत्तर येईल आणि ऐकणाऱ्याच्या मनात झाडाचं एक पानही हलणार नाही. रानात भांगलण चालते, रान तापायला सोडतात, रान खंडानं देतात, लाईट रात्रीची असेल तर बॅटरी घेऊन रानाला पाणी पाजायला जातात. पंचगंगेकाठच्या काळ्या रानाचा भाव विचारायची तर सोयच नाही. पण हाच शब्द घेऊन राधानगरी ओलांडा. तिथं “रानात जाऊ नगा, गवा हाय” असं कुणी म्हणालं, तर तो उसाबद्दल बोलत नसतो. (अलीकडे गवे उसातही येतात, तो भाग वेगळा.)

या दोन्ही रानांचं मूळ एकच. संस्कृत ‘अरण्य’, प्राकृतात ‘रण्ण’ आणि त्यातून आपलं ‘रान’. सुरुवातीचा ‘अ’ गळाला, हे प्राकृताच्या जुन्या व्याकरणकारांनीही टिपून ठेवलं आहे. बाराव्या शतकातल्या हेमचंद्रानं अरण्याच्या शेजारीच भोपळ्याचं उदाहरण दिलं आहे: ‘अलाबू’चं ‘लाऊ’ होतं, तसं ‘अरण्ण’चं ‘रण्ण’. अरण्य आणि दुध्या भोपळा एकाच सूत्रात बांधलेले मला इतर कुठं भेटले नाहीत.

‘अरण्य’ निघालं ‘अरण’ या वैदिक शब्दापासून. अरण म्हणजे दूरचा, परका. म्हणजे अरण्य हा मुळात झाडं मोजणारा शब्दच नाही. वस्ती जिथं संपते, तिथून पुढचं ते अरण्य. हे ध्यानात घेतलं की उसाचं रानही फारसं विचित्र वाटत नाही. मला तरी असं वाटतं, की ‘रान’ या शब्दानं ‘गावाबाहेरचं’ हा अर्थ कधी सोडलाच नाही. घाटाकडं गावाबाहेर झाडी राहिली, इकडं गावाबाहेर नांगर फिरला. शब्द होता तिथंच राहिला, जमीन बदलली. गायरान आणि माळरान हे शब्द पाहा. दोन्हीकडं झाड असलं काय नि नसलं काय, शब्दाला फरक पडत नाही.

‘जंगल’ची गंमत तर याहून न्यारी. चरकसंहितेत देशाचे प्रकार सांगितले आहेत: जांगल, आनूप आणि साधारण. त्यातला जांगल म्हणजे कोरडा, उघडा, विरळ झाडांचा, वाऱ्याउन्हाचा मुलूख. पाणथळ, दाट झाडीचा तो आनूप. त्या हिशेबानं गगनबावडा आनूप ठरतो आणि जंगल म्हणायचं तर शिरोळकडच्या माळांना म्हणावं लागेल! पुढे हा शब्द फारसीत आणि इंग्रजीत जाऊन दाट झाला. आज मराठीत ‘जंगल’ म्हटलं की गच्च आणि हिंस्र असंच काहीतरी समोर येतं. तुम्हाला वाघ-हत्ती दिसले ते म्हणूनच.

आता मूळ इंग्रजी शब्दाकडं येऊ, कारण खरी अडचण ‘जंगल’पेक्षा ‘प्राचीन’मध्ये आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये जिथं निदान इसवी सन १६०० पासून सलग झाडी आहे, तिला एन्शंट वुडलंड म्हणतात. स्कॉटलंडमध्ये ही रेघ १७५० वर आहे. १६०० हेच साल का, तर त्याआधी तिकडे मुद्दाम झाडं लावून वन करायची चाल फारशी नव्हती. तेव्हाची झाडी म्हणजे बहुधा आपोआप उगवलेली, असं धरता येतं. यात जुनी असते ती जागा. झाडं जुनी असायलाच हवीत असं नाही. त्या मातीवर शेकडो वर्षं नांगर फिरलेला नाही, म्हणून तिथल्या बुरशा, किडेमुंग्या, ब्लूबेलसारखी फुलं टिकली. ही फुलं नव्या लागवडीत सहजासहजी पसरत नाहीत, म्हणून जुन्या झाडीची एक खूण म्हणून ती बघतात. झाडं मात्र माणसांनी पिढ्यान्पिढ्या तोडलेली आहेत. तुमच्या लेखात ‘कॉपिस’ हा शब्द आला असेलच. हेझल, ॲश यांसारखी झाडं बुडाशी तोडायची, खुंटाला धुमारे फुटू द्यायचे, काही वर्षांनी काठ्या जाड झाल्या की परत तोडायचं, असा तो प्रकार. खुंट शेकडो वर्षांचा, काठ्या मात्र कालपरवाच्या. याला ‘छाटणीपद्धती’ वगैरे लिहू नका. सरळ खोडवा म्हणा, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून परत फुटलेलं पीक. उसाचा खोडवा आणि निडवा घरात ऐकणाऱ्या पोरांना एका शब्दात सगळं कळेल. उसाचा खोडवा दोन-तीन तोडींत दमतो आणि हेझलचा दमत नाही, एवढं एक वाक्य जोडलं की झालं.

‘प्राचीन’ला मात्र मराठीत ताम्रपट आणि लेण्यांचा वास येतो. ‘पुरातन’ लिहिलं तर पुरातत्त्व खात्याची निळी पाटी दिसते. ‘जुनाट’ म्हणजे टाकाऊ. आपल्याकडं झाडीला वयाचं विशेषण लावायची सवयच नाही, आणि माझ्या मते तुमच्या प्रश्नाची गाठ इथंच आहे. मराठी माणूस झाडी किती जुनी हे शब्दात घालत नाही, कुणाची ते घालतो.

हे मला कळलं ते राधानगरी तालुक्यातल्या एका देवराईत. मे महिना होता. बाहेर सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, जांभा दगड तापून पायाला चटके बसत होते आणि आत पाऊल टाकलं तर घोट्यापर्यंत पाचोळा, खाली ओल. आंबा, जांभूळ, बेहडा, अंजनी. एका बेहड्यावरून गारंबीचा वेल उतरला होता, माणसाच्या मांडीएवढा जाड, पिळा घातलेला. खाली हातभर लांब शेंग उकलून पडलेली. तिच्यातली एक बी मी उचलली. चपटी, तपकिरी, घोटून चकचकीत केल्यासारखी, तळहात भरेल एवढी. बरोबरचे गुरव म्हणाले, “ठेवा तितंच. देवाचं हाय.” आवाज चढवला नाही, पण मी ठेवली. मग मी आपला शब्दांचा धंदा काढला. म्हटलं, “मामा, हिला तुम्ही काय म्हणता? देवराई?” तर म्हणाले, “ते तुम्ही म्हनता. आमी देवाचं रान म्हनतो.” मग काठी फिरवून दाखवलं: “हे देवाचं रान. त्ये वड्याखालचं माजं रान. आन् पल्याड समदं फारेष्ट.”

वड्याखालचं त्यांचं रान म्हणजे भाताची चार खाचरं होती. पल्याडची झाडी देवाच्या रानाइतकीच दाट दिसत होती. पण तिला ते रान म्हणाले नाहीत. ती खात्याची, म्हणून फारेष्ट. झाडं तीच, मालक बदलला की नाव बदललं.

इंग्लंडातही गंमत अशीच आहे, हे मुलांना सांगण्यासारखं. तिथं ‘फॉरेस्ट’ हा मध्ययुगात कायद्याचा शब्द होता. राजाच्या शिकारीसाठी राखलेला आणि वेगळा कायदा लावलेला मुलूख तो फॉरेस्ट, मग त्यात झाडं असोत की नुसता माळ. गावाच्या सरपणाची, लाकूडफाट्याची, खोडव्याची झाडी ती ‘वुड’. आपल्या दाजीपूरचं रान कोल्हापूरच्या छत्रपतींच्या शिकारीसाठी राखलेलं होतं, १९५८ साली तिथं गव्यांचं अभयारण्य झालं. तेव्हा गुरवमामांचं ‘फारेष्ट’ हे मूळ इंग्रजी अर्थाला आपल्या ‘जंगल’पेक्षा जास्त धरून आहे. ‘अरण्य’ मात्र बोलण्यातून गेलं, ते आता त्या अभयारण्याच्या पाटीवर आणि अरण्यरुदनात तेवढं उरलंय.

आता ‘राई’. संस्कृतात ‘राजी’ म्हणजे ओळ, रांग. ‘वनराजी’ आपण अजून लिहितो. दोन स्वरांमधला ‘ज’ किंवा ‘च’ प्राकृतात गळतो: सूचीची सुई झाली, राजकुलाचं राऊळ झालं, तशी राजीची राई. आमराईत तीच आहे. फोडणीतली राई वेगळी, ती ‘राजिका’. पण गावाच्या नावात किंवा देवाच्या नावात ‘राई’ ऐकू आली की लगेच झाडी शोधू नये. दाजीपूरचा सावराई सडा मी पुराव्यात घेत नाही, कारण उगवाई, मरगाई यांच्या जातीची एखादी ‘आई’ त्या नावात असू शकते.

घाट उतरून रत्नागिरी-सिंधुदुर्गात गेलं की देवराईची देवरहाटी होते. ‘जगरहाटी’तली रहाटी, म्हणजे रीत, वहिवाट, तिथं ऐकू येते. सीमेपलीकडं कानडीत ‘देवरकाडु’, शब्दशः देवाचं रान, अगदी गुरवमामांसारखं. परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातल्या अशा रायांच्या नोंदी केल्या, त्यानंतर ‘देवराई’ हेच नाव लेखनात सगळीकडे रुळलं. ते रुळलं हे बरंच झालं. पण ते नाव इंग्लंडातल्या त्या झाडीला लावू नका. देवराईत वाळली काटकीसुद्धा कौल लावल्याशिवाय उचलत नाहीत, आणि ती इंग्रजी झाडी टिकली ती तिथून सतत काठ्या तोडल्या म्हणून, सरपणाला, कुंपणाला तिचा उपयोग होता म्हणून. टिकण्याचं कारणच उलटं. ‘देव’ लावलात तर मुलांना सगळा लेख उलटा कळेल.

‘झाडी’ हा एक पर्याय आहे आणि तो कमी प्रतीचा नाही. आपल्या गगनबावड्याचे जहागीरदार रामचंद्रपंत अमात्य यांच्या नावे असलेल्या आज्ञापत्रात गडाभोवतीची झाडी राखावी, वाढवावी, तोडू देऊ नये अशी ताकीद आहे, आणि शब्द ‘झाडी’च आहे. पण झाडी कालची असू शकते आणि बाभळीचीही.

म्हणून मी असं सुचवेन. शीर्षकात ‘जुनी राई’. पहिल्यांदा उल्लेख येईल तिथं ‘गावाची पिढीजात राई’, म्हणजे सलगपणा आणि गावाचं नातं दोन्ही आलं. पुढं नुसतं ‘राई’. फॉरेस्ट आलं तर ‘राजाचं राखीव रान’. ब्लूबेलला ब्लूबेलच राहू द्या, ‘नीलघंटा’ करू नका.

अनेकवचन विचारलं नाहीत, पण पुढं अडेल: सुई-सुया, तसं राई-राया, देवराई-देवराया. ‘देवराई आहेत’ असं सर्रास छापतात, ते चूक. फक्त ‘राया’ एकटं वाक्याच्या सुरुवातीला घेऊ नका, वर्गात लावणी सुरू झाल्यासारखं वाटेल.