पडलो तरी नाक वर!

प्रश्न : गुलमर्गला चार दिवस स्कीइंग शिकलो. पडणं छान जमलं, उठणं काही जमेना. दर वेळी इन्स्ट्रक्टरनं हात द्यायचा आणि मुलांनी व्हिडिओ काढायचा. काय चुकत असेल?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : ताकद कमी पडत नाही, दिशा चुकते. स्कीची टोकं उताराकडे असली की तुम्ही अर्धे उठेपर्यंत त्या चालू लागतात आणि तुम्ही पुन्हा बर्फात. म्हणून आधी पाठीवर लोळा, पाय हवेत घेऊन एकमेकींत अडकलेल्या स्की सुट्या करा आणि त्या तुमच्या खालच्या बाजूला, उताराला बरोबर आडव्या ठेवा. उताणं झुरळ दिसाल, त्याला इलाज नाही. मग गुडघे दुमडून बूड टाचांजवळ आणा, स्कीच्या डोंगराकडच्या कडा रुतवा आणि त्याच बाजूचा हात टेकून उठा. भुसभुशीत बर्फात हात कोपरापर्यंत आत जातो. तिथे दोन्ही पोल (हातातल्या काठ्या) फुलीसारखे आडवे टाकून फुलीच्या मध्यावर जोर द्या.

तरीही जमेना? बाइंडिंगचा, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या पकडीचा, मागचा खटका पोलच्या टोकानं दाबून एक स्की काढा आणि सरळ उभे राहा. परत घालताना बुटाचा तळ खरवडून घ्या. तिथला बर्फ दाबला जाऊन कडक होतो, टाच बसल्यासारखी वाटते आणि पहिल्याच वळणाला स्की निसटते. आधी बुटाचं टोक अडकवा, मग टाच दाबा. ‘खट्’ ऐकू आलंच पाहिजे. दोन्ही निघाल्या असतील तर दरीकडची स्की आधी घाला.

एक मात्र करू नका : घसरत असतानाच उठायची धडपड. तोल मागे, गुडघे वाकलेले आणि त्यात स्की पिळली, की गुडघ्याचं लिगामेंट जातं. पूर्ण थांबेपर्यंत खुशाल लोळा. व्हिडिओही बरा येतो.

प्रश्न : उतारावर पडले होते. मागून एकजण येऊन धडकला आणि वर मलाच ओरडला, ‘बाजूला व्हायला काय झालं?’ चूक कोणाची?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : त्याची. आंतरराष्ट्रीय स्की आणि स्नोबोर्ड महासंघाचे वर्तनाचे 10 नियम आहेत. त्यातला तिसरा सांगतो की पुढच्याला धोका होणार नाही असा मार्ग मागच्यानं निवडायचा. त्याला तुमची पाठ दिसते, तुम्हाला तो दिसतच नाही. पण सहावा नियम तुमच्यासाठी आहे : अरुंद जागी किंवा वरून दिसणार नाही अशा ठिकाणी थांबू नये आणि पडल्यावर जमेल तितक्या लवकर वाट मोकळी करावी. उंचवट्याच्या लगेच खाली बसून हातमोजे झटकणारी मंडळी अपघाताला आमंत्रणच देतात. कुणाला लागलं असेल, तर जखमीच्या थोडं वर दोन स्की फुलीसारख्या रोवा. वरून येणारा वेळीच वळतो.

गुलमर्गच्या नवशिक्यांच्या उतारावर स्लेजवाले आणि भाड्याच्या बुटांतले पर्यटकही असतात. पायी चालणाऱ्यांनी कडेनं जावं. मधोमध पडलेल्या पावलांच्या खड्ड्यात स्कीचं टोक अडकतं आणि माणूस तोंडावर आपटतो.

प्रश्न : पोलचा पट्टा मनगटात घालावा का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : शिकताना नको. पडताना पोल हातातच राहिला तर अंगठा बाहेर ओढला जातो आणि त्याच्या मुळाशी असलेलं लिगामेंट फाटतं. डॉक्टर त्याला ‘स्कीअर्स थंब’च म्हणतात. पडतोय असं वाटताच पोल सोडून द्या. उतारावर वर नेणाऱ्या खुर्च्यांच्या लिफ्टमध्ये चढतानाही पट्टे काढलेलेच हवेत, नाहीतर ते खुर्चीत अडकतात.