जांघेतला हर्निया हाताने तपासून इनग्वायनल (जांघेच्या घडीच्या वरच्या नळीतून येणारा) की फेमोरल (घडीखाली मांडीच्या वरच्या टोकाशी येणारा), आणि इनग्वायनल असेल तर डायरेक्ट (पोटाच्या कमकुवत भिंतीतून थेट येणारा) की इनडायरेक्ट (त्या नळीच्या आतल्या तोंडातून येणारा), हे कसं ओळखायचं?

प्युबिक ट्युबरकलवर (ओटीपोटाखालच्या हाडावरचा छोटा उंचवटा) बोट ठेवा आणि हर्नियाची मान (तो बाहेर पडतो ती अरुंद जागा) कुठे आहे ते बघा, त्याच्या वर आणि आतल्या बाजूला (शरीराच्या मध्याकडे) असेल तर इनग्वायनल, खाली आणि बाहेरच्या बाजूला असेल तर फेमोरल. मान बघायची, फुगवटा नाही, कारण फेमोरल मोठा झाला की वर वळतो आणि हमखास फसवतो. जाड पेशंटमध्ये ट्युबरकल सापडत नसेल तर मांडी बाहेर करून अॅडक्टर लाँगसचा टेंडन (मांडीच्या आतल्या बाजूच्या स्नायूची दोरी) वर वर चाचपत जा, तो तिथेच पोचवतो.

इनग्वायनल ठरला की पेशंटला झोपवून हर्निया पूर्ण आत जाऊ द्या, मग डीप रिंगवर (इनग्वायनल नळीचं आतलं तोंड), म्हणजे इनग्वायनल लिगामेंटच्या (जांघेतला तिरका पट्टा) मध्याच्या साधारण सव्वा सेंटीमीटर वर, अंगठा दाबून खोकायला सांगा:
- बाहेर आला नाही तर इनडायरेक्ट (वृषणाच्या पिशवीत उतरणारा बहुतेक हाच)
- अंगठ्याच्या आतल्या बाजूला फुगला तर डायरेक्ट

सर्जरीच्या वॉर्डात बेडसाइडला हेच शिकवतात. फक्त डायरेक्ट-इनडायरेक्टचा हा अंदाज बऱ्याचदा चुकतो, खरं उत्तर ऑपरेशनमध्ये इन्फिरियर एपिगॅस्ट्रिक रक्तवाहिन्या (पोटाच्या भिंतीतल्या, या दोन प्रकारांमधली खूण) दिसल्यावरच कळतं आणि त्याने उपचार फारसे बदलतही नाहीत. फेमोरल मात्र चुकवू नका, तो अडकून आतड्याचा रक्तपुरवठा तुटायचा धोका जास्त, विशेषतः वयस्कर बायकांमध्ये नीट बघा, शंका असेल तर सोनोग्राफी. गाठ कडक, दुखरी, आत न जाणारी आणि सोबत उलट्या असतील तर ही टेस्ट करत बसू नका, लगेच सर्जनकडे पाठवा.