वाचकांचे प्रश्न: गरोदरपणातील रक्तक्षय आणि ल्युसी विल्स

प्रश्न: आमच्या आरोग्य केंद्रात गरोदर स्त्रियांना लोह आणि फोलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या देतात. या फोलिक अ‍ॅसिडचा शोध मुंबईतील गिरणी कामगार स्त्रियांच्या आजारावरील संशोधनातून लागला, असे ऐकले. त्यात कितपत तथ्य आहे? (एक वाचक, इचलकरंजी)

उत्तर: तथ्य पुष्कळ आहे, मात्र मुंबईत प्रत्यक्ष फोलिक अ‍ॅसिड सापडले नव्हते. या स्त्रियांच्या आहारात काहीतरी अत्यावश्यक कमी पडते आणि ते दिले की रक्त सुधारते, एवढे तेथे दिसून आले. तो पदार्थ रासायनिकदृष्ट्या हाती येण्यास पुढे दहा-पंधरा वर्षे लागली.

हे काम डॉ. ल्युसी विल्स (१८८८–१९६४) यांचे. केंब्रिजमध्ये वनस्पतिशास्त्र आणि भूविज्ञान शिकल्यानंतर त्यांनी लंडनमध्ये वैद्यकीय शिक्षण घेतले आणि १९२० मध्ये पात्रता मिळाल्यावर रॉयल फ्री रुग्णालयात रासायनिक विकृतिशास्त्राचे संशोधन पत्करले. मातामृत्यूंच्या चौकशीच्या निमित्ताने १९२८ मध्ये त्या मुंबईत आल्या आणि हाफकिन संस्थेत काम करू लागल्या.

त्यांच्यापुढील रुग्ण स्त्रियांच्या तांबड्या पेशी नेहमीपेक्षा मोठ्या आणि संख्येने फार कमी असत. लोहाच्या कमतरतेत पेशी लहान होतात. म्हणजे हा रक्तक्षय निराळा होता. त्याचे चित्र पर्निशियस अ‍ॅनिमिया या एका गंभीर रक्तक्षयाशी जुळत होते आणि त्या रोगावर यकृताचा आहार गुणकारी ठरतो, हे मायनॉट आणि मर्फी या अमेरिकन डॉक्टरांनी १९२६ मध्ये दाखवले होते. विल्स यांनी जंतुसंसर्गाची शक्यता तपासली, मेहता आणि तळपदे या सहकाऱ्यांबरोबर शोधनिबंध लिहिले, आणि गरीब घरांतील स्त्रिया रोज काय खातात याची बारकाईने पाहणी केली. माझ्या मते त्यांच्या कामाचे खरे बळ या पाहणीत आहे, कारण प्रयोगशाळेत प्राण्यांना कोणता आहार देऊन पाहायचा, हे त्यातूनच ठरले. उंदरांवरील प्रयोगांत उवांमार्फत पसरणाऱ्या बार्टोनेला जंतूने घोळ घातला; तेव्हा त्यांनी माकडांकडे मोर्चा वळवला. निकृष्ट आहारामुळे रक्तक्षय झालेले माकड यीस्टच्या अर्काने, म्हणजे मार्माइट या स्वस्त पदार्थाने, सुधारले. रुग्ण स्त्रियांनाही तो अर्क दिल्यावर त्यांचे रक्त भरून येऊ लागले आणि १९३१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढे स्पष्ट झाली. पर्निशियस अ‍ॅनिमियावर चालणारा यकृताचा शुद्ध केलेला अर्क या रक्तक्षयावर निष्प्रभ ठरत होता, तर कच्चा अर्क उपयोगी पडत होता. याचा अर्थ, कमी पडणारे घटक दोन होते. त्यांपैकी एक ब-१२ जीवनसत्त्व म्हणून १९४८ मध्ये वेगळे काढण्यात आले. दुसरा, ज्याला काही काळ ‘विल्स घटक’ म्हणत, तो म्हणजे फोलिक अ‍ॅसिड. आज गरोदर स्त्रीला मिळणाऱ्या सरकारी गोळीत ६० मिलिग्रॅम लोहाबरोबर ५०० मायक्रोग्रॅम फोलिक अ‍ॅसिड असते.

प्रश्न: माझी मुलगी जीवरसायनशास्त्रात एम.एस्सी. करत आहे. डॉक्टर नसताना तिला रक्तविकारांवर संशोधन करता येईल का? (एक पालक, सांगली)

उत्तर: निश्चित करता येईल. वरील कथेचा पुढचा भाग मुख्यतः जीवरसायनशास्त्रज्ञांचाच आहे. १९४१ मध्ये टेक्सास विद्यापीठात मिचेल, स्नेल आणि विल्यम्स यांनी सुमारे चार टन पालकापासून फोलिक अ‍ॅसिड मिळवले. ते कृत्रिमरीत्या तयार करणारा लेडर्ली या अमेरिकन औषध कंपनीतील गट येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या मार्गदर्शनाखाली काम करत होता. त्याच कंपनीने या रेणूत फेरफार करून त्याच्या कार्यात अडथळा आणणारे अमिनोप्टेरिन बनवले आणि बोस्टनमध्ये सिडनी फार्बर यांनी ते रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेल्या मुलांना दिले. काही मुलांचा आजार तात्पुरता का होईना मागे हटला, हे १९४८ मध्ये प्रसिद्ध झाले.

आपल्याकडे मुंबईत के.ई.एम. रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तशास्त्र संस्थेत सिकल सेल, थॅलसेमिया यांसारख्या विकारांवर संशोधन चालते. मुलीने तेथील प्रकल्पांची माहिती जरूर घ्यावी. आणि प्रथिने व विकरे यांच्या अभ्यासाबरोबरच सूक्ष्मदर्शकाखाली काचेवर पसरलेल्या रक्ताच्या नमुन्यातील पेशी ओळखायलाही एखाद्या अनुभवी रक्तशास्त्रज्ञाकडून आताच शिकावे.