झाडांचं विचारा : हेझलनट सांगलीत येईल का?

प्रश्न : काका नमस्कार, मी विश्रामबागला राहते. मुलगा जर्मनीत आहे, त्याच्याकडे गेले होते तेव्हा रस्त्याच्या कडेला ओळीनं सरळसोट उंच झाडं दिसली, खाली फळं पडलेली. तो म्हणाला आई हे हेझलनट, ना पाणी घालावं लागतं ना निगा. येताना मूठभर पर्समधून आणलीत, गेटसमोर लावू का? नातवंडांना चॉकलेटमधला हेझलनट फार आवडतो.

उत्तर : ताई, तुम्ही बघितलेलं झाड बहुतेक तुर्की हेझल असणार. युरोपात शहरातल्या रस्त्यांना मुद्दाम लावतात, कारण धूर, ऊन, कोरडी जमीन, कडक थंडी सगळं सोसतं, बुडातून फुटवे काढत नाही आणि आकार आपोआप शंकूसारखा राहतो. पण त्याचं फळ बारीक आणि कवच दगडासारखं. चॉकलेटमधला हेझलनट म्हणजे साधा हेझल, तो झुडपासारखा वाढतो आणि जगातलं निम्म्याहून जास्त पीक तुर्कस्तानात काळ्या समुद्राच्या काठाला येतं.

आता मुलगा म्हणाला ते खोटं नाही, पण ते तिथलं. या झाडाला हिवाळ्यात झोप लागते, म्हणजे सात अंशाच्या खाली शेकडो तास थंडी मिळाली तरच फांदीवरचे डोळे, म्हणजे कोंब, नीट फुटतात. आपल्या सांगलीत जानेवारीतही पहाट बारा-चौदा अंशाची आणि दुपारी तर फॅन लावावा लागतो, त्यात झाडाला झोप कुठली येणार! बी ओल्या वाळूत घालून तीन-चार महिने फ्रिजमध्ये ठेवलं तर कदाचित उगवेलही, पुढं रोप खुरटं राहतं. आणि एकटं झाड सहसा फळत नाही, वाऱ्यानं दुसऱ्या जातीचा पराग यावा लागतो.

अजून एक, रागवू नका. परदेशातलं बी आणायला तिकडचं रोगमुक्तीचं सर्टिफिकेट आणि आपल्याकडचं परमिट लागतं, २००३ पासून तसा नियम आहे. त्यामुळं ती मूठभर फळं सरळ जाळून टाका, कंपोस्टमध्येही नकोत.

कवच फोडून खायचंच झाड हवं असेल तर चारोळी लावा ना, श्रीखंडावर रोज बघतो पण झाड कुणी लावत नाही. आपलं रानातलं झाड, ऊन सोसतं. वाढ मात्र संथ, नातवंडं कॉलेजला जातील तोवर, हे आधीच सांगतो. बी ताजंच पेरायचं, जुनं उगवत नाही. मुळी खोल जाते म्हणून उंच पिशवीत करा. काळ्या रानात पाणी साचतं, तेव्हा खड्ड्यात मुरूम मिसळा. वर वायर असेल तर तिथं लावू नका, आणि फुटपाथ महापालिकेचा, आधी विचारून घ्या.

प्रश्न : साताऱ्याहून विचारतोय, महाबळेश्वरला तर जमेल ना? तिथं बर्फ पडतो.

उत्तर : बर्फ नाही हो, वेण्णा लेककाठी एखाददुसऱ्या पहाटे दव गोठतं आणि पेपरात फोटो येतो. तेवढ्यावर हेझल नाही भागत, शिवाय पावसाळ्यात तिथला धो धो पाऊस. आपल्या देशात हेझल हिमालयातच, हिमाचलच्या पांगी भागात त्याला ठांगी म्हणतात. तिकडं फिरायला गेलात तर विकत आणा, खायला!